चौदा नंबरची पिशवी

"तसं काही अवघड नाही," हे चार शब्द मी गल्लीच्या सभेत कुणालाही उद्देशून बोललो नव्हतो. शेजारी बसलेल्या बायकोला म्हणालो होतो, तेही हळू. पण नेमक्या त्याच क्षणी सभा गप्प होती, आणि गप्प सभेत ज्याचा आवाज पडतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. टाळ्या झाल्या. माझं नाव वहीत गेलं. बायकोने खुर्ची दोन इंच बाजूला सरकवली.

काम असं होतं : शहरात एक अन्नपेढी आहे. ज्या घरांतले डबे आठवडा संपण्याआधी रिकामे होतात, त्या घरांना ती दर शनिवारी शिधा पोचवते. त्यासाठी प्रत्येक गल्लीने आळीपाळीने धान्य, साखर, तेल, टिनबंद वस्तू असं जमवून द्यायचं. बुधवारी घरोघरी रिकाम्या हिरव्या कागदी पिशव्या वाटायच्या, शनिवारी सकाळी नऊपर्यंत लोकांनी त्या भरून पायरीवर ठेवायच्या, स्वयंसेवकाने त्या गोळा करून केंद्रावर नेऊन द्यायच्या. आमची गल्ली बावीस घरांची, आमचं घर सहा नंबरचं. बावीस पिशव्या उचलायला शिकल्यासवरल्या माणसाला काय अडचण यावी?

पहिली अडचण सूचनेच्या कागदाची आली. आमच्या गल्लीत एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी आहेत. नोकरीत असताना ते परिपत्रकं काढत आणि निवृत्तीनंतरही त्यांचा हात थांबलेला नाही, म्हणून सगळे त्यांना परिपत्रक म्हणतात. मी लिहिलेला चार ओळींचा मजकूर त्यांनी मागून नेला आणि दुसऱ्या दिवशी दोन पानं आणून दिली. त्यात 'अन्न' या शब्दाची व्याख्या होती.

"यात 'कृपया' एकदाच आलाय," मी म्हणालो.

"दोनदा आला की लोक ऐच्छिक समजतात."

"ऐच्छिकच आहे ना पण."

"ते त्यांना कशाला कळायला हवं?"

शिवाय प्रत्येक दारात सल्ला होता. तीन नंबरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मैदा घेऊ नका. आठ नंबरचे म्हणाले, बाकी काही नको, मैदाच घ्या, टिकतो. अकरा नंबरच्या आजी म्हणाल्या की त्यांच्या काळी लोक न सांगता द्यायचे. "मग द्याल ना?" मी विचारलं. "आता तुम्ही सांगितलंत ना," असं म्हणून त्यांनी दार लावलं. यातला तर्क मी घरी येऊन बायकोला समजावायचा प्रयत्न केला, पण तो समजावता समजावता मलाच पटायला लागला, म्हणून सोडून दिला.

चौदा नंबरला घड्याळकाका राहतात. चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आता बंद. उंच, सडपातळ, आणि समोरच्या माणसाकडे अशा नजरेने बघणार की आपलं मागचं झाकण उघडून आत काय अडलंय ते पाहताहेत. त्यांनी पिशवी दोन बोटांत धरली आणि सूचना डोळ्यांपासून लांब नेऊन वाचली.

"'नऊपर्यंत' म्हणजे नऊ धरून की सोडून?"

"धरून, काका."

"कुणाच्या घड्याळाने?"

मी नकळत मनगट पुढे केलं. ते बघून म्हणाले, "पुढे आहे. मग तीन मिनिटं लोकांची फुकट जाणार."

आतून घड्याळकाकू बारीक हसल्या. काकू शिवणकाम करतात, त्यावर आणि काकांच्या साठलेल्या चार पैशांवर दोघांचं व्यवस्थित चालतं, असं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी कुणी कधी तपासत नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो. नुकसान झालं म्हणून अर्ज आला की ते खरंच झालं का, आणि झालं असेल तर तिसऱ्या प्रतीवर सही का नाही, हे विचारण्याचा मला पगार मिळतो. मलासुद्धा हे तपासावंसं कधी वाटलं नव्हतं.

शनिवार उजाडला. माल न्यायला मी कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतून हातगाडी मागून आणली होती. तिचं एक चाक लहान असावं, कारण सरळ ढकलली की ती डावीकडे जायची. उजवीकडे ढकलली की थांबायची. इस्त्रीचा शर्ट घालून मी ती गाडी गल्लीतून नागमोडी नेत होतो आणि लोक खिडक्यांतून मार्गदर्शन करत होते. पाच नंबरच्या कुंडीला गाडी लागली तेव्हा कुंडीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "असू दे, असू दे," पण ज्या सुरात म्हणाल्या त्यावरून ते असू देण्यासारखं नव्हतं.

पिशव्यांत काय होतं ते सांगायला हवं. अकरा घरांनी ओट्स दिले होते. वर्षाच्या सुरुवातीला अकरा घरांत आरोग्याचा संकल्प झाला असणार आणि अकरा घरांत तो साधारण दुसऱ्या चमच्याला संपला असणार. एका पिशवीत अननसाचा टिन होता, त्याच्यावरची तारीख बघून मला माझं कॉलेज आठवलं. एकात नुसती मिठाची पुडी आणि सोबत 'इतर सर्व जण साखर देतील असे वाटल्याने' अशी चिठ्ठी. परिपत्रकांच्या पिशवीत वस्तूंपेक्षा यादी मोठी होती.

आणि चौदा नंबरच्या पायरीवर काय दिसलं! काठोकाठ भरलेली हिरवी पिशवी. तांदूळ, पीठ, तेल, साखर, चहा, टिन, साबणसुद्धा. सगळं असं बसवलेलं की मध्ये हवा शिरायला जागा नाही, आणि तोंड दोरीने नीट बांधलेलं. मला भरून आलं. बुधवारी ज्या माणसाने माझी तीन मिनिटं काढली, त्याच्या घरून ही पिशवी! दार वाजवून आभार मानावेत असं मनात आलं, पण काकांनी पुन्हा घड्याळ बघितलं असतं. म्हणून मी पिशवीचा फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला : 'आजची सर्वांत मोठी पिशवी, चौदा नंबर! बाकीच्यांनी आदर्श घ्यावा.' ओट्सवाल्या अकरा घरांना तो टोमणा होता, हे मी आता कबूल करतो.

केंद्र म्हणजे एका शाळेमागचा मोठा हॉल. वजनकाटा, लांब टेबलं, आणि नोंदणीला एक बाई, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी वजन केलं, माझी सही घेतली, पावती दिली. मी रिकामी गाडी घेऊन घरी आलो. येताना तीसुद्धा जरा सरळ चालली असं मला वाटलं. चहाचा दुसरा घोट घेतो तोच मागच्या दाराची कडी हळूच वाजली.

घड्याळकाकू. मागच्या दाराने त्या कधी आल्या नव्हत्या.

"ती पिशवी," त्या म्हणाल्या, "द्यायची नव्हती. आलेली होती."

मला कळायला वेळ लागला. बायकोला लगेच कळलं. तिने काकूंचा हात धरून त्यांना आत घेतलं आणि दार लावलं.

दर शनिवारी साडेआठला अन्नपेढीचा माणूस पिशवी पायरीवर ठेवून, बेल न वाजवता निघून जातो. कुणाला कळू नये म्हणून. पिशवी तीच, हिरवी. काका आंघोळीला गेले की काकू ती आत घेतात आणि सामान डब्यांत ओततात. आज पाणी तापायला उशीर झाला, काका आंघोळीला उशिरा गेले, आणि मी मात्र वेळेवर पोचलो होतो.

"यांना माहीत नाही हो," काकू म्हणाल्या. "यांना वाटतं माझं शिवणाचं चालतं. सहा महिने झाले, मशीनला हात लावलेला नाही. डोळेच देत नाहीत साथ. साठवलेलं तर यांच्या ऑपरेशनलाच गेलं. यांना कळलं तर जेवायचे नाहीत. ओळखते मी यांना. घास खाली उतरायचा नाही त्यांच्या."

"काका आता काय म्हणाले?" मी विचारलं.

"सकाळपासून चार जण दारात येऊन अभिनंदन करून गेले. हे नुसते 'हं' म्हणाले. घरात दुपारपुरतं आहे. संध्याकाळचं नाही."

बायको उठली. "अहो काकू, त्यात काय एवढं? हे आत्ता दुकानातून सगळं आणून देतात."

"नको ग बाई." काकू एकदम ताठ झाल्या. "तुमच्याकडून घेतलं तर उद्यापासून तुमच्या दारावरून मान वर करून जाता येणार नाही मला. ती पिशवी मी अर्ज करून, माझ्या सहीने मिळवलेली आहे. माझी आहे ती. तीच हवी."

मी चप्पल घातली आणि निघालो. हॉलवर पोचेपर्यंत बारा वाजायला आले होते.

"आत आलेली पिशवी बाहेर जात नाही," नोंदणीच्या बाई म्हणाल्या.

"ती चुकून आत आली."

"तुम्हीच आणलीत ना? ही सही तुमचीच?"

"माझीच, पण..."

"मग चुकून कशी? सह्या चुकून होत नाहीत."

हे वाक्य मी ऑफिसात आठवड्यातून तीनदा म्हणतो. ते ऐकणाऱ्याला कुठे लागतं ते मला आज समजलं. बरगड्यांच्या जरा खाली लागतं. शिवाय पिशवी आता पिशवी राहिलीच नव्हती. मागच्या टेबलावर तांदूळ तांदळात, टिन टिनांत, साबण साबणांत गेले होते. अकरा ओट्स एका रांगेत उभे होते.

"एका घराची पिशवी चुकून उचलली गेली," मी आवाज खाली आणला. मागच्या टेबलावर आमच्या शेजारच्या गल्लीतल्या दोन बायका साखर मोजत होत्या. "त्यांना दुसरी देता येईल?"

"घर कुठलं?"

मी त्या दोन बायकांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. साखर मोजायचं थांबलं होतं.

"ते सांगता येणार नाही."

"नाव नाही, घर नाही. मग देऊ कुणाला? ज्यांची चुकली त्यांनी स्वतः येऊन सांगायचं. नाहीतर पुढच्या शनिवारी." मग माझा चेहरा बघून त्यांनी चष्मा वर चढवला. "तातडीची नवीन नोंदणी आज होते. पिशवी लगेच मिळते. पण फॉर्मवर कुणाचं तरी नाव लागेल."

मी पेन काढलं. माणूस अशा वेळी विचार करतो असं वाटतं, पण करत नाही. 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

"कमावतं कोण?"

"मी."

"सध्या?"

"सध्या..." मी टेबलाकडे बघत राहिलो. खोटा दावा कसा ओळखायचा यावर मी नव्या लोकांना दोन तासांचं प्रशिक्षण देतो. त्यात मी सांगतो की खोटं बोलणारा माणूस खाली बघतो.

बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "होतं असं. कधीपासून घरी आहात?"

"अलीकडेच," मी म्हणालो आणि घोट घेतला. तो घशात अडकला. डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी माझ्या हातावर थोपटलं. त्याच वेळी माझ्या खांद्यामागून घसा खाकरल्याचा आवाज आला. पावतीची दुसरी प्रत गल्लीच्या फायलीसाठी न्यायला परिपत्रक स्वतः आले होते. त्यांनी फॉर्म वाचला. ते वरच्या ओळीपासून खालपर्यंत वाचतात, काही सोडत नाहीत.

"काही बोलू नका," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्याकडून एक शब्द बाहेर जाणार नाही."

साडेबाराला मी पिशवी चौदा नंबरच्या मागच्या दाराने काकूंच्या हातात दिली. काकांचा आवाज पुढच्या खोलीतून येत होता, रेडिओवरच्या बातम्यांना ते काहीतरी दुरुस्ती सुचवत होते. काकूंनी दोरी सोडून आत पाहिलं, तांदळावर हात ठेवला, आणि नुसती मान हलवली. मी घरी आलो आणि सोफ्यावर आडवा पडलो. झालं एकदाचं, म्हटलं.

चार वाजता ग्रुपवर संदेश आला. परिपत्रकांनी तो 'अत्यंत खाजगी' असा मथळा देऊन बावीस घरांना पाठवला होता. मलाही. 'आपल्यातील एका सन्माननीय सदस्यावर ओढवलेल्या प्रसंगाची वाच्यता न करता सर्वांनी त्यांस आधार द्यावा. नाव देत नाही. घर क्र. सहा.'

आधार द्यायला लोक पाच वाजता येऊ लागले. डॉक्टरीणबाई मैदा घेऊन आल्या. सात नंबरच्यांनी मला मिठी मारली, ते गेली नऊ वर्षं पार्किंगवरून माझ्याशी बोलत नव्हते. पाच नंबरच्या बाई म्हणाल्या की कुंडीचं मनावर घेऊ नका, आता कळलं तुमचं लक्ष का नव्हतं ते. कोपऱ्यावरचा न्हावी दारातूनच म्हणाला, "साहेब, जम बसेपर्यंत केस माझ्याकडे." अकरा नंबरच्या आजी न सांगता आल्या, न सांगता टेबलावर काही ठेवलं आणि न सांगता गेल्या. ओट्स होते. बायकोच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती रडत होती, आणि रडता रडता जरा समाधानीही वाटत होती.

"सांगून टाका ना," बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "म्हणावं चूक झाली, नोकरी शाबूत आहे."

"मग पिशवी कुणासाठी नेली, हे विचारतील."

पुन्हा बेल वाजली. ती उठली, केस सारखे केले, चेहरा पाडला आणि दार उघडून म्हणाली, "या ना. हे आत पडलेत जरा." वीस वर्षांच्या संसारात मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

रविवारी दुपारी घड्याळकाका आले. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो, बायको आतल्या दारात थबकली. हे आता विचारणार, पिशवी कसली, आणि माझ्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झाला की संध्याकाळपासून चौदा नंबरला एक माणूस जेवणार नाही.

ते खुर्चीत ताठ बसले. टेबलावरचे आधाराचे ढीग त्यांनी एकदा पाहून घेतले.

"घेण्यात कमीपणा नाही," ते म्हणाले. "आम्हीही घेतो."

मी हळूच परत सोफ्यावर बसलो.

"सहा महिने. तिला वाटतं मला ठाऊक नाही." त्यांनी गुडघ्यावरची पायजम्याची सुरकुती सरळ केली. "चाळीस वर्षं यंत्रांत गेली माझी. शेजारच्या खोलीतलं शिवणयंत्र बंद पडलेलं मला ऐकू येणार नाही होय?"

"मग काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"ती इतक्या मेहनतीने लपवते. मी आंघोळीला जातो, ती पिशवी उचलते. डबे भरताना आवाज होऊ नये म्हणून रेडिओ मोठा करते. तिचा चेहरा बघितलाय का शनिवारी? मी बोललो की ते सगळं जाईल. म्हणून आंघोळ जरा लांबवतो. थंडीत त्रास होतो, पण चालतं."

बायको आतल्या आत नाक ओढल्यासारखा आवाज करून स्वयंपाकघरात निघून गेली. कालपासून मी ज्या माणसापासून ही गोष्ट सांभाळत होतो, तो स्वतःच सहा महिने ती सांभाळत होता, आणि माझ्यापेक्षा कितीतरी नीट.

"तिला कळू द्यायचं नाही," काका म्हणाले.

"अजिबात नाही."

"तिने मागच्या दाराने येऊन सांगितलं, तुम्ही मागच्या दाराने आणून दिलीत, मला काही माहीत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"बरं." ते उठले. चहा नको म्हणाले, काकू वाट बघत असतील. दारापाशी जाऊन थांबले आणि माझ्याकडे पुन्हा त्या मागचं झाकण उघडल्याच्या नजरेने पाहिलं.

"पिशवी दहाच्या आत गेली, साडेबाराला परत आली. मधल्या वेळात तुमची नोकरी गेली. इतक्या झटपट कुणाची जात नाही."

मी खाली बघितलं.

"उद्या ऑफिसला जाल तेव्हा मागच्या रस्त्याने जा," ते आवाज खाली आणून म्हणाले. "नोकरी गेलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून नऊच्या बसला उभा दिसला, तर परिपत्रक विचारतील. दोन आठवडे तरी तसंच जा. मग म्हणावं, नवीन लागली. पहिल्यापेक्षा बरी सांगा, लोकांना आनंद होईल."

ते गेले. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काय म्हणाले शेवटी?"

"नवीन नोकरी लागली मला," मी म्हणालो. आणि आम्ही दोघं इतके हसलो की सात नंबरवाले काळजीने दारात येऊन उभे राहिले.